थर्मोकोल कटर: वॅटचं बटण पुरे, की तापमान धरायला हवं?

रावपुरा_सजावट
गणपती जवळ आले की आपल्या बडोद्यात मंडळामंडळांत तार-कटर बाहेर निघतात. लाकडी चौकट, नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार आणि पंख्याचा रेग्युलेटर. माझं मत सरळ मांडतो, पटत नसेल त्यांनी खोडून काढावं. रेग्युलेटरनं आपण तारेला किती वीज देतो तेवढंच ठरतं, तार किती तापते ते ठरत नाही. थर्मोकोलला मात्र तापमानाशीच कर्तव्य आहे. १०० अंशांच्या पुढे तो मऊ पडायला लागतो. फार तापलेल्या तारेनं वितळून मागे सरतो आणि धूर सोडतो.

कमळाची पाकळी कापताना नीट बघा. सरळ रेषेत हात चालता असतो, थंड थर्मोकोल सारखा तारेला भिडत राहतो आणि तिची उष्णता ओढून घेतो. टोकाशी हात वळायला क्षणभर थांबतो. वॅट तेवढेच, पण उष्णता ओढून घेणारं समोर कुणी नाही. तार तिथल्या तिथे तापते आणि पाकळीच्या टोकाला वाटाण्याएवढा गोल खड्डा पडतो. मग तो पुट्टी भरून लपवायचा. बटण फिरवून हे सुटणार नाही. तारेचं तापमान धरून ठेवणारं सर्किटच हवं.

कलाभवन_जुना
खड्ड्याचं निदान बरोबर, औषध चुकीचं. आधी मुलांना वॅटचा हिशेब तरी येऊ दे. ०.३ मिलिमीटरची नायक्रोम तार मीटरला साधारण १५ ओहम भरते. ६० सेंटिमीटरच्या चौकटीत ९ ओहम. १२ व्होल्ट दिले की सव्वा अँपिअरच्या आसपास, म्हणजे १६ वॅट. आता कुणीतरी ‘छोटी चौकट बनवू’ म्हणून तीच तार अर्धी करतो आणि ट्रान्सफॉर्मर तोच ठेवतो. ओहम अर्धे, वॅट दुप्पट, आणि ते दुप्पट वॅट अर्ध्या लांबीवर. दर सेंटिमीटरला चौपट उष्णता! तार लालबुंद होते आणि पोरं म्हणतात, तार डुप्लिकेट निघाली.

म्हणून वॅट नको, व्होल्ट नको, अँपिअर बघा. एकाच जाडीच्या तारेतून तेवढाच करंट गेला की लांबी कितीही असो, मोकळ्या हवेत ती सारखीच तापते. करंट बांधून देणारं छोटं मॉड्यूल बाजारात मिळतं, त्यावर करंटचा वेगळा स्क्रू असतो. तेवढं पुरे. बाकी काम हाताचं. टोकाशी थांबू नये, हे शिकवता येतं.

मकरपुरा_पॅनलवाला
काका, करंटचं पटलं. पण ‘हाताचं काम’ म्हणून विषय मिटवू नका. दरवर्षी नवी पोरं येतात, हात बसेपर्यंत विसर्जन येतं.

तापमान मोजायला तारेला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) चिकटवायची गरजच नाही, तारच सेन्सर होते. ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची तार ३०० अंशांपर्यंत तापली की तिचा रोध, म्हणजे तिचे ओहम, वीस-पंचवीस टक्के वाढतो. सर्किटनं व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे, भागाकार करायचा, रोध ठरलेल्या आकड्यावर गेला की वीज तोडायची, उतरला की द्यायची. नायक्रोमवर हे जमत नाही, कारण तिचा रोध तापमानाबरोबर जेमतेम हलतो. शुद्ध निकेलचा तेवढ्या तापमानाला दुपटीहून जास्त होतो, पण निकेल मऊ, ताण दिला की लांबते.

हीच युक्ती व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या मशीनमध्ये असते. त्यातली तापणारी तार, म्हणजे कॉइल, द्रवानं ओल्या कापसात असते. द्रव संपला की कापूस जळण्याआधी मशीन रोध ओळखून वीज कमी करतं. तसा एखादा बोर्ड मिळवून कटरला लावला तर आयतं काम होईल.

कलाभवन_जुना
त्याच उदाहरणात तुमचं उत्तर आहे. व्हेपची कॉइल इंचभरसुद्धा नसते आणि पूर्णच्या पूर्ण ओल्या कापसाला भिडलेली असते. तिचा रोध म्हणजे तिचं खरं तापमान. आपल्या ६० सेंटिमीटरच्या तारेतले ५ सेंटिमीटर थर्मोकोलमध्ये असतात, ५५ बाहेर हवेत. सर्किटला दिसते ती सगळ्यांची मिळून सरासरी. आतला तुकडा थंड पडला तर सरासरी किंचित उतरते, सर्किट वीज वाढवतं, आणि तापतो कोण? बाहेरचा भाग. टोकाशी हात थांबला तरी सर्किटला त्याचा जेमतेम पत्ता लागतो.

शिवाय ते बोर्ड एक-दीड ओहमच्या आतल्या कॉइलसाठी केलेले असतात. तुमच्या स्टीलच्या तारेचे ६ ओहम बघून ते चालूच होणार नाहीत.

सुरसागर_काठ
मला सर्किटमधलं फारसं कळत नाही, पण एक गोष्ट ठामपणे सांगते. मंडळातल्या पोरांना व्हेपचा बोर्ड ‘मिळवायला’ पाठवू नका. २०१९च्या कायद्यानं आपल्या देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मखरासाठी का होईना, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ती वस्तू चोरून विकणाऱ्याच्या दारात आपणच नेऊन उभं करायचं? हे मला अजिबात मान्य नाही.

आणि धुराचं बोला ना. तो वास स्टायरीनचा, म्हणजे थर्मोकोल तापून सुटणाऱ्या रसायनाचा असतो. बंद खोलीत आठ-दहा मुलं बसून कापतात, डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. खरं तर थर्मोकोलच सोडून पुठ्ठ्यावर या, असं माझं म्हणणं आहे. पण तो वेगळा वाद.

मकरपुरा_पॅनलवाला
ताई, बोर्डाबद्दलचं मान्य, ते नकोच. ते सर्किट घरी बनतं. हिशेबाला एक अर्डिनो (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड), वीज चालू-बंद करायला एक मॉसफेट, करंट मोजायला एक शंट (ठरलेल्या रोधाचा तुकडा). फक्त गार तारेचा रोध आधी मोजून घ्यायचा. तापलेल्या तारेवरच चालू केलं तर सर्किट त्यालाच गार समजतं आणि पुढचा सगळा हिशेब वर सरकतो.

सरासरीचा मुद्दा मोठ्या चौकटीला लागू आहे, काका. पाकळ्या आपण छोट्या धनुकलीनं कापतो, तिची तार १५ सेंटिमीटर. थर्मोकोलची ५ सेंटिमीटरची शीट घेतली तर एक तृतीयांश तार आत असते. तिथे सर्किटला फरक कळतो.

कलाभवन_जुना
एक तृतीयांश म्हणजे पूर्ण नव्हे. पण धनुकलीपुरतं करून बघायला माझी ना नाही. मोठ्या चौकटीला करंटवालंच.

रावपुरा_सजावट
धनुकलीवरच तर खड्डे पडतात, मी त्याच कामाचं बोलत होतो. तार आणखी आखूड घेतली, शीटच्या जाडीपेक्षा दोन बोटं जास्त, तर काकांची सरासरीची हरकत बरीचशी सुटते. करंट मात्र वाढू द्यायचा नाही.

तारवाली_वाडी
तुम्ही तापमानावर भांडताय आणि सगळ्यात मोठा धोका पहिल्याच पोस्टमध्ये राहिला. पंख्याचा रेग्युलेटर! तो थेट २३० व्होल्टच्या लाइनवर असतो. कितीही कमी केला तरी ती उघडी तार लाइनपासून सुटी होत नाही. पावसाळ्यात मांडवाची जमीन ओली, पोरं अनवाणी. तार आणि लाइन यांच्यामध्ये १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर नसेल तर तो कटर वापरात असताच कामा नये. आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका, ट्रान्सफॉर्मर तापतो. कमी-जास्त करायचं ते १२ व्होल्टच्या बाजूला.

तार ढिली पडते म्हणून कुणी घट्ट पिळू नका. मीटरभर तार ३०० अंशांनी तापली की ४ मिलिमीटर लांबते. एका टोकाला स्प्रिंग लावा.

तापमान किती हे बघायचं असेल तर दिवा घालवा. अंधारात तार जराशीही लाल दिसली तर ती ५०० च्या वर गेलेली आहे, थर्मोकोलला एवढी लागतच नाही. तार बरोबर तापली असेल तर कापातून केसासारखे बारीक धागे निघतात आणि धूर दिसत नाही.

रावपुरा_सजावट
रेग्युलेटरवाले दोन्ही कटर उद्या सकाळीच उघडतो. मोठ्या चौकटीला अडॅप्टर आणि करंटचं मॉड्यूल. धनुकलीला स्टीलची तार लावून पॅनलवाल्यांचं सर्किट. काका, एकच पाकळी दोन्हींवर कापून टोकांचे फोटो इथे टाकतो. तोवर माझं मत आहे तेच आहे.

कलाभवन_जुना
टाक. पण दोन्ही पाकळ्या एकाच नव्या मुलाकडून कापून घे. तुझा हात सरावलेला आहे, तुझ्या फोटोवरून काही ठरणार नाही.