हेअरवुड हाउस: झालरी बघायच्या की साखरेचा हिशोब?

टीचभर_चहा: काल इंग्लंडमध्ये लीड्सजवळचं हेअरवुड हाउस, म्हणजे जुन्या सरदार घराण्याचा वाडा, बघून आलो. गॅलरीतल्या खिडक्यांवरच्या झालरी बघून वेडाच झालो, चुण्या पडल्यात, गोंडे लोंबतायत, आणि जवळ गेलं की कळतं हे कापड नाहीच, लाकूड कोरून रंगवलंय, चिपेंडेल या नावाजलेल्या फर्निचरवाल्याच्या कारखान्यातलं. पण मग तिथल्या माहितीत गुलामगिरीचा विषय आलाच. इतिहास मान्य आहे हो, पण तिकीट काढून आलेल्या माणसाचा सगळा मूड घालवायलाच पाहिजे का?

खडूस_काका: मूड? त्या झालरींचे पैसे आले कुठून? या घराण्याचा हेन्री लॅसल्स कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर कस्टम्सचा कलेक्टर, वर साखरेचा धंदा आणि मळेवाल्यांना कर्ज. पोरगा एडविनने 1759 ला वाड्याचा पाया घातला, आराखडा जॉन कारचा, आतलं काम रॉबर्ट अ‍ॅडमचं. तिथला जुना वाडा, गॉथॉर्प हॉल, पाडला, गाव नव्याने बांधलं. पुढे 1833 च्या कायद्याने गुलामगिरी उठली तेव्हा मळ्यांवरच्या 1,277 गुलाम माणसांपोटी घराण्याच्या तेव्हाच्या अर्लसाहेबांना (अर्ल म्हणजे सरदारकीचा किताब) 26 हजार पौंडांच्या वर भरपाई मिळाली. त्या माणसांना छदाम नाही.

उंटावरचा_शहाणा: काका, हे सगळं खरं, पण आज ते वसूल कोणाकडून करणार? 1947 ला सहावे अर्ल गेले, मृत्युकर, म्हणजे वारसाहक्काच्या मालमत्तेवरचा कर, भरताना बरीचशी जमीन विकावी लागली, नंतर टिशियन या जुन्या इटालियन चित्रकाराचं चित्रसुद्धा गेलं, ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 1986 पासून वाडा ट्रस्टकडे. लोक येऊन तिकीट काढतात म्हणून छप्पर टिकलंय, त्यांनाच रागवून कसं चालेल.

माहेरवाशीण_यॉर्कशायर: रागवतंय कोण? स्वतः घराण्यानेच हे लपवलेलं नाही. 2011 ला तळघरात कोळिष्टकांत माखलेल्या रमच्या बाटल्या सापडल्या, 1780 च्या आसपासची बार्बाडोसची रम! लिलाव केला आणि पैसे दिले जेराल्डिन कॉनरच्या नावाच्या संस्थेला, त्याच बाईंनी 2007 मध्ये तिथे कॅरिबियन कार्निव्हलचा मोठा प्रयोग केला होता.

टीचभर_चहा: रमचं माहीत नव्हतं, भारीच. तरी म्हणतो, ही माहिती शेवटच्या एका खोलीत ठेवा, ज्याला वाचायचं तो वाचेल.

खडूस_काका: शेवटच्या खोलीत कोण जातंय, तोवर सगळे चहा-केककडे वळलेले असतात. तुम्ही झालरींपाशी थांबलात ना, मग पाटी तिथेच हवी.