एका मेल सर्व्हरवर पाच डोमेन: मेलबॉक्स, पीटीआर आणि प्रमाणपत्रांचं कसं जमवायचं?

प्रश्न

पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारा) असलेला एक सर्व्हर आहे, आयपी एकच, आयपीव्ही४. मुख्य डोमेनचे मेल नीट चालतात. त्यावरच आणखी चार डोमेन आणायची आहेत, सगळे मिळून साधारण ४० मेलबॉक्स. 'इन्फो' हा पत्ता पाचही डोमेनवर हवा आहे, पण दुसरं डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये (सर्व्हरवरच्या खात्यांना मेल देण्याच्या डोमेनची पोस्टफिक्सची यादी) घातल्यापासून दोन्हीकडचे मेल एकाच मेलबॉक्समध्ये पडतात. शिवाय पीटीआर नोंद (डीएनएस या इंटरनेटच्या नाव-नोंदवहीत आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) एकच असेल तर बाकीच्या डोमेनचं काय? आणि प्रत्येक डोमेनला वेगळं टीएलएस प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीत सर्व्हरची ओळख पटवणारं) लागतं का?

उत्तर १

मायडेस्टिनेशनमधल्या डोमेनचा मेल आला की पोस्टफिक्स @ च्या डावीकडचं नाव थेट लिनक्सच्या खात्याशी जुळवतो, उजवीकडचं डोमेन बघतच नाही. 'इन्फो' नावाचं खातं एकच, म्हणून मेलबॉक्सही एकच.

मायडेस्टिनेशनमध्ये फक्त लोकलहोस्ट आणि सर्व्हरचं स्वतःचं पूर्ण नाव ठेवा. पाचही डोमेन, मुख्य धरून, व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्समध्ये (लिनक्सच्या खात्यांशी न जोडलेल्या डोमेनची यादी) टाका. मुख्य डोमेन दोन्हीकडे राहण्याची चूक फार होते. तेव्हा लॉगमध्ये इशारा येतो, मायडेस्टिनेशनचंच चालतं आणि नवे पत्ते 'युजर अननोन' म्हणून परत जातात.

व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट (या डोमेनचा मेल कुणाकडे सोपवायचा ती सेटिंग) डव्हकॉटच्या एलएमटीपी सॉकेटकडे (त्याचं मेल स्वीकारण्याचं दार) वळवा. मेल डोमेनच्या फोल्डरमध्ये, त्यात वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये साठवा; सगळ्याचा मालक एकच सिस्टिम युजर. लॉगिन नेहमी पूर्ण ईमेल पत्त्याने. डव्हकॉटचं ऑथ युजरनेम फॉरमॅट (लॉगिनचं नाव कसं वाचायचं ती सेटिंग) मात्र नक्की तपासा. तिथे डोमेन कापून टाकणारी सेटिंग असेल, तर एलएमटीपीलाही नुसतं 'इन्फो' मिळतं आणि मेल अडतो. जुने मेल आयमॅपसिंक या साधनाने नव्या मेलबॉक्समध्ये आणता येतील.

उत्तर २

पीटीआर डोमेनचा नसतो, सर्व्हरचा असतो. आयपीचा पीटीआर, त्या नावाची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) आणि पोस्टफिक्सचं मायहोस्टनेम (सर्व्हर स्वतःचं सांगतो ते नाव), या तिन्हींत एकच नाव हवं. पाचही डोमेनची एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी) त्याच नावाकडे वळवा, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) नको. पाच पीटीआर टाकायला जाऊ नका, त्याने काहीच साधत नाही. पुढे आयपीव्ही६ सुरू केलंत, तर त्या पत्त्यालाही पीटीआर लागेल.

एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी नोंद) प्रत्येक डोमेनला स्वतंत्र, पण मजकूर तोच: एमएक्सला परवानगी, बाकी सगळ्यांना नकार. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की दोन्ही निकामी.

खरी मेहनत डीकेआयएममध्ये (मेलवरची डिजिटल सही) आहे. सगळे मेल मुख्य डोमेनच्या सहीने पाठवले तर सही वैध ठरते, पण ती 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळत नाही, म्हणून डीमार्कच्या (एसपीएफ किंवा डीकेआयएमचं डोमेन 'फ्रॉम'शी जुळतं का ते बघणारा नियम) कामाची नाही. पुढे कुणी तो मेल फॉरवर्ड केला की एसपीएफही तुटतो आणि मग आधाराला काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक डोमेनला स्वतःची २०४८ बिटची की द्या. ती डीएनएसच्या टीएक्सटी (मजकूर) नोंदीत जाते; तिथल्या एका स्ट्रिंगची मर्यादा २५५ अक्षरांची असल्यामुळे ही की दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते.

ओपनडीकेआयएम (ही सही करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर सायनिंग टेबलच्या (कोणत्या पत्त्याला कोणती की ती यादी) फाइलच्या नावाआधी 'रीफाइल' लिहा. नुसतं 'फाइल' लिहिलं तर तारांकित (* असलेल्या) ओळी जुळत नाहीत आणि मेल गुपचूप सहीविना निघून जातात.

डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (फक्त अहवाल, कारवाई नाही) ठेवा. पाचही डोमेनचे अहवाल मुख्य डोमेनवर मागवणार असाल, तर मुख्य डोमेनच्या डीएनएसमध्ये बाकीच्या चौघांसाठी परवानगीची नोंद लागते.

उत्तर ३

प्रमाणपत्र एकच पुरतं. सगळ्यांच्या मेल ॲपमध्ये आयमॅप (मेल वाचणं) आणि एसएमटीपीसाठी (मेल पाठवणं) सर्व्हरचं तेच नाव द्या. एखाद्याला स्वतःच्याच डोमेनचं नाव हवं असेल, तर ते नाव त्याच प्रमाणपत्रात वाढवणं सर्वांत सोपं.

वेगळी प्रमाणपत्रं हवीच असतील तर पोस्टफिक्स ३.४ पासून एसएनआय टेबल (मागितलेल्या नावानुसार प्रमाणपत्र देणारं) आहे. त्यासाठी पोस्टमॅप (टेबल तयार करणारी पोस्टफिक्सची आज्ञा) मोठ्या 'एफ' पर्यायासह चालवावा लागतो, आणि तेव्हा की व प्रमाणपत्राचा मजकूरच टेबलमध्ये भरला जातो. म्हणून दर नूतनीकरणानंतर तो पुन्हा चालवा, नाहीतर डिस्कवर नवीन प्रमाणपत्र असूनही सर्व्हर जुनंच दाखवत राहतो.

वर एक मोठी गोष्ट राहिली. लॉगिन झालेला वापरकर्ता कोणत्याही पत्त्यावरून मेल पाठवू शकतो, पोस्टफिक्स मुळात त्याला अडवत नाही. ५८७ आणि ४६५ या मेल पाठवण्याच्या पोर्टवर 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' लावा, सोबत सेंडर लॉगिन मॅप्स (कोणत्या पत्त्यावरून कोणतं लॉगिन पाठवू शकतं ती यादी). तरीही हे फक्त एन्व्हलपचा पत्ता (सर्व्हर आपसात वापरतात तो प्रेषकाचा पत्ता) तपासतं. हेडरमधल्या 'फ्रॉम'मध्ये शेजारच्या डोमेनचं नाव लिहिलं, तर ओपनडीकेआयएम त्या डोमेनची अस्सल सही करून देईल. आरस्पॅमडी या स्पॅम-गाळणीचं सही करणारं मॉड्युल मूळ सेटिंगमध्येच लॉगिनचं डोमेन जुळतंय का ते बघतं, म्हणून बहुडोमेन सर्व्हरवर मी तेच सुचवेन.

उत्तर १ (पुन्हा)

सहमत. प्रत्येक डोमेनला पोस्टमास्टरचा पत्ताही हवा. त्याचा अलायस (दुसरीकडे वळवलेला पत्ता) एकाच मेलबॉक्सकडे चालेल.