मदत हवी आहे : अडीच वर्षांच्या लेकीचा भुंकल्यासारखा खोकला, हा डांग्या आहे का?

आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरात राहतो. दोन दिवस लेकीचं नुसतं नाक वाहत होतं, ताप शंभरच्या आसपास. काल रात्री एक वाजता एकदम खोकत उठली. आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखा, घसा बसलेला, आणि रडताना श्वास आत घेतला की कर्कश आवाज यायचा. शालीत गुंडाळून गॅलरीत नेलं तर पंधरा मिनिटांत निवली. आज मात्र मजेत आहे. सकाळी पोहे खाल्ले (म्हणजे वरची शेव खाल्ली).

सासूबाई म्हणतात, डांग्याच. शेजारच्या भाभींनी मुलाचं उरलेलं खोकल्याचं सिरप आणून दिलंय. पण 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली, ते आठवून बाटली उघडायचा धीर होत नाही. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची मिळालीय. आज रात्री पुन्हा झालं तर?

प्रतिसाद 1
वर्णन क्रूपचं वाटतंय, माझ्या मुलाला दोनदा झाला होता. विषाणूमुळे स्वरयंत्राजवळ सूज येते, रात्री बळावते. डांग्यात उबळीवर उबळ येते, शेवटी 'हूप' करून श्वास ओढला जातो, बरेचदा उलटी होते, आणि ते आठवडेच्या आठवडे चालतं. लसी झाल्यात ना? सिरप नकोच. रडू देऊ नका, रडण्याने श्वास आणखी अडतो. शांत बसलेली असतानाही तो कर्कश आवाज आला, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, लाळ गळायला लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.

प्रतिसाद 2
झोपेत श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान, तेव्हा न्यूमोनियाची शंका घेतात. क्रूपच निघाला तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा एखादा डोस देतील, नावाला घाबरू नका.

धागाकर्ती
आत्ता मोजले, 28. सासूबाईंना पटेना म्हणून त्यांनीही मोजले, त्यांचे 31 आले. लसीच्या कार्डावर पेंटाचे (डांग्याची लस त्यातच असते) तिन्ही डोस आणि दीड वर्षाचा बूस्टर आहे. बाटली भाभींना परत केली, जरा रुसल्या. गाडीची किल्ली उशाशी ठेवलीय.