कलेसाठीच्या अनुदानाचे अर्ज: "काम कच्चं म्हणून पैसे मिळत नाहीत" म्हणणाऱ्यांना उत्तर

मिरजेचा_नेपथ्यवाला
काल इथे एकाने लिहिलं, "अनुदान मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांचं कामच कच्चं असतं. पंधरा दिवस बसून नीट अर्ज लिहा, पैसे मिळतात." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पंधरा दिवसांत अर्ज लिहून होतो, तयारी होत नाही. संस्कृती मंत्रालयाकडे संस्थेच्या नावाने जायचं तर दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) क्रमांक लागतो, तपासलेले हिशेब लागतात. ज्या गटाची नोंदणीच नाही तो जाहिरात निघाल्यावर धावून काय करणार? एकट्याने जायचं तर फेलोशिप आहे: 25 ते 40 वयाला ज्युनियर, महिना 10,000, चाळिशीपुढे सीनियर, महिना 20,000, दोन वर्षं. पण तिथेही आधीचं काम दाखवावं लागतं. आमच्या भागात अर्धं आयुष्य रंगमंचावर घालवलेले नट आहेत आणि त्यांच्या एकाही प्रयोगाचं धड चित्रीकरण नाही. फोटो आहेत, त्यात पुढच्या रांगेतली डोकी आणि माइकचा दांडा. वर्तमानपत्रातली कात्रणं आहेत, पण तारखेचा भाग कापून टाकलेला. काम कच्चं नाही त्यांचं. नोंद नाही.

उभा_पडदा
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेत नाही. एका संस्थेसाठी आलेले अर्ज पहिल्या फेरीत वाचायचं काम मी केलंय. "लोककला जगवायची आहे" यावर दोन पानं. काय करणार, कुठे, कोणाबरोबर, किती महिन्यांत, यावर एक ओळ नाही. बजेटमध्ये सगळ्यात मोठा आकडा "इतर खर्च". मुख्य कलाकाराचं संमतीपत्र नाही. कसे द्यायचे पैसे? लोकांचेच असतात ना ते?

वडसा_हंगाम
तुमचं दोघांचं चालू द्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान निघालं की नाटक सुरू होतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांत. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की रात्रभर मंडप भरलेला, तिकीट काढून. अनुदानाचा अर्ज कोणी बघितला नाही. प्रेक्षक असेल तर सरकार कशाला लागतं?

मिरजेचा_नेपथ्यवाला
वडसावाले दादा, मंडप भरतो हे सोन्यासारखं आहे. पण तुमच्या जुन्या नटांची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची म्हटलं तर तिकीट कोण काढणार? त्याच कामाला अनुदान लागतं.

शाई_कमी
इंग्रजीचं कोणीच बोलत नाहीये. ज्याला प्रपोजलची इंग्रजी येते तोच पुढे जातो. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक योजनेत (पहिल्या पुस्तकासाठी अनुदान) निदान हस्तलिखित वाचतात, लिहिणाऱ्याचा बायोडेटा नाही.

उभा_पडदा
बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कुठल्याही भारतीय भाषेतला अर्ज घेते. 1995 पासून अनुदान देतायत ते. मराठीत लिहा, अडवलंय कोणी?

तालीम_घर
अर्जाचं काय घेऊन बसलात? खरी रडकथा पैसे आल्यावर. आमचा ढोलकीवाला पुडी (ढोलकीच्या तोंडावरचं कातडं) बदलायला ज्यांच्याकडे जातो ते म्हातारबाबा रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसतात. शाईचा एकेक थर घोटतात, वाळवतात, कानाशी नेऊन वाजवतात, पुन्हा घोटतात. त्यांच्याकडे बिलबुक कुठलं? आमचा तो खर्च ऑफिसने नामंजूर केला. "जीएसटी बिल आणा." टेम्पोवाल्याचंही तेच, जेवण करणाऱ्या मावशींचंही तेच. शेवटी पैसे आम्ही खिशातून भरले.

खातेवही
ताई, वर्षाला 20 लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही. तो बिल आणणार कुठून? व्हाउचर करायचं: नाव, पत्ता, काम, तारीख, रक्कम, सही. 5,000 च्या वर रोख दिले तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही.

तालीम_घर
व्हाउचरच दिलं होतं! अंगठा होता, कारण बाबांना सही येत नाही. तेच परत आलं. तुम्ही नियम सांगता, टेबलामागचा माणूस नियम वाचत नाही.

उभा_पडदा
मग अंगठ्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. एवढं साधं कळत नसेल तर हिशेब हातात घेऊ नये.

तालीम_घर
तोंड सांभाळून बोला. तालीम मी घेते, कपडे मी शिवते, दौऱ्यात पोरांची तापाची औषधं मी सांभाळते आणि रात्री वहीही मीच लिहिते. तुमच्या संस्थेत पगारी हिशेबनीस असेल. आमच्याकडे नाही.

मिरजेचा_नेपथ्यवाला
हेच म्हणतोय मी! बजेट करताना हिशेब ठेवणाऱ्याचं मानधन धरा. लोक लाजतात, कलेच्या पैशात कारकून कसा दाखवायचा म्हणून. देणारी संस्था ते मान्य करते का, हे अर्जाआधी फोन करून विचारा. आणि कोणती पावती चालेल ते लेखी मागा. ईमेलचं एका ओळीचं उत्तर असलं तरी नंतर तेच दाखवता येतं.

वडसा_हंगाम
एवढ्या वेळात एक नाटक बसलं असतं. पण रेकॉर्डिंगचं पटलं. आमच्या भागात दंडार (आमच्याकडची जुनी लोककला) करणारे आता म्हातारे झालेत आणि ते काम तिकिटावर होणार नाही, हे खरं आहे.

उभा_पडदा
नोंदीचा मुद्दा मान्य. पंधरा दिवस कमी सांगितले, तेही मान्य. "इतर खर्च" मान्य नाही आणि होणार नाही.

तालीम_घर
माझ्या बजेटमध्ये "इतर खर्च" कधीच नव्हता. "ढोलकी पुडी, शाईसह" असं लिहिलं होतं. खातेवही, अंगठ्याच्या व्हाउचरचा नमुना इथेच टाका. साक्षीदारांचा रकाना धरून.

खातेवही
संध्याकाळी टाकतो. साक्षीदार तुमच्या संस्थेचे पदाधिकारी नकोत, बाहेरचे घ्या. आणि बाबांचा ताडपत्रीखाली काम करतानाचा फोटो व्हाउचरला जोडा.