तळेगाव दाभाडे: गाव, स्टेशन आणि लोकल. सोसायटीच्या प्रदर्शनासाठी इतिहास कसा जमवावा?

यशवंतनगरकर

नमस्कार मंडळी. आमच्या तीन सोसायट्या मिळून यंदा गणपतीत ऑर्केस्ट्राऐवजी तळेगावच्या इतिहासाचं प्रदर्शन करायचं ठरलं आहे. दोन बाय तीन फुटांचे बारा फलक करायचे आहेत. इथले बहुतेक रहिवासी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेले. रोज चिंचवड-पुण्याला जाऊन येतात, आणि गाव भागाशी त्यांचा संबंध बाजारहाटापुरता. त्यामुळे दाभाडे सरकारांचं चित्र, तळ्याचा फोटो आणि खाली चार ओळी असं काही नको आहे.

हाताशी काही निवृत्त मंडळी आणि कॉलेजची मुलं आहेत, आणि अडीच महिने. सुरुवात कुठून करावी? कोणती साधनं खात्रीची? पासधारकांचं जीवन, म्हणजे लोकलचे ग्रुप, पाळ्या, कॉलन्या कशा वसल्या, हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही. ते कसं गोळा करायचं?

मोडीवाचक

उपक्रम फार चांगला आहे. आधी एक सावधगिरी: पुणे जिल्ह्यात तळेगावं दोन. मावळातलं दाभाड्यांचं, शिरूर तालुक्यातलं ढमढेऱ्यांचं. जुन्या कागदांत नुसतं ‘तळेगाव’ असतं आणि मुलं शोधयंत्रातून जे येईल ते उचलतात. वडगावचंही तेच: तुम्हाला वडगाव मावळ हवं, बुद्रुक किंवा शेरी नव्हे. प्रत्येक नोंदीत शेजारच्या गावांची नावं पाहा. इंदुरी, सोमाटणे, देहू आलं तर तळेगाव आपलं.

दाभाड्यांचे ठळक टप्पे पक्के आहेत. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेरावांना सेनापतिपद दिलं. खंडेराव १७२९ मध्ये वारले. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाच्या फौजेशी लढताना त्र्यंबकराव पडले आणि पुढे कारभार उमाबाईंनी हाती घेतला. खंडेराव आणि उमाबाई यांच्या समाध्या बनेश्वर मंदिराच्या परिसरात आहेत. फलकावर समाधीचा आजचा फोटो आणि तिथे कसं जायचं याचा छोटा नकाशा द्या. तैलचित्राच्या छापील प्रतीपेक्षा याने लोक खरोखर तिथवर जातील.

दुसरा फलक जानेवारी १७७९ ला द्या. रघुनाथरावांना घेऊन मुंबईहून निघालेली इंग्रज फौज ९ जानेवारीला तळेगावात पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच मोकळं करून जाळून टाकलेलं होतं. दाणावैरण मिळेना. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे वळली, वडगावला कोंडली गेली आणि तह करावा लागला. रोज ज्या तळ्याकाठी लोक फिरायला जातात तिथे हे घडलं. नव्या रहिवाशाला गावाशी जोडायला याहून सरळ दुवा नाही.

तारखांत चुका होतात त्या कालगणनेमुळे. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो. तो मृगापासून सुरू होतो, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवायचे. ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७९. वडगावचा तह जानेवारीतला, म्हणून ६०० मिळवून १७७९ येतं. इथे ५९९ मिळवले की प्रसंग एक वर्ष मागे जातो.

मूळ कागद पाहायचेच असतील तर पुणे अभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. तिथे कागद रुमालात बांधलेले असतात आणि आधी अर्ज करून रुमाल मागवावा लागतो. मोडी येणारं माणूस सोबत नसेल तर अडीच महिन्यांत त्या वाटेला जाऊ नका. १८८५ च्या पुणे गॅझेटियरचा तिसरा भाग वाचा, त्यात गावनिहाय माहिती आहे. फक्त तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला आहे हे मुलांना आधी सांगा.

रुळांशेजारी

मोडीवाचक यांचं सगळं बरोबर, पण बारापैकी सहा फलक दाभाडे आणि वडगावच्या लढाईत गेले तर यशवंतनगरचा माणूस ते दुसऱ्याच कुणाचं म्हणून पाहील. तुमचा भाग रेल्वेमुळे आहे. सुरुवात तिथून करा आणि गावाकडे मागे जा.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ ला सुरू झाला. त्या वेळी बोरघाटातली लाइन तयार नव्हती. मुंबईकडून येणारे घाटाखाली उतरायचे, पालखी-डोलीने वर यायचे आणि पुढची गाडी धरायचे. घाट १८६३ मध्ये जोडला गेला. १९२९ मध्ये कल्याण-पुणे विद्युतीकरण झालं. पण रोज जाऊन-येऊन नोकरी करणारं तळेगाव खऱ्या अर्थाने घडवलं ते १९७८ मध्ये सुरू झालेल्या पुणे-लोणावळा लोकलने. त्यासाठी निदान दोन फलक राखा.

पहिल्यावर मार्गाची पट्टी काढा: पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. पुण्यापासून तळेगाव साधारण ३४ किलोमीटर, लोणावळा ६४. स्टेशनाखाली तिथली नोकरीची ठिकाणं लिहा: खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, चिंचवड-आकुर्डीचे वाहन कारखाने, देहूरोडचा लष्करी डेपो. मग आपोआप दिसतं की तळेगावकरांचा मोठा भाग पुण्याला जातच नव्हता, तो पिंपरी-चिंचवडला उतरत होता. ‘पुण्याचं उपनगर’ असं सरसकट लिहू नका.

दुसऱ्या फलकावर जुनी वेळापत्रकं. रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मध्य रेल्वेची छापील वेळापत्रकं मिळतात. दर दहा वर्षांचं एक मिळालं तरी पुरे. तळेगावला थांबणाऱ्या गाड्या मोजा आणि सकाळची पहिली व रात्रीची शेवटची गाडी वेगळ्या रंगात दाखवा. शेवटच्या गाडीची वेळ म्हणजे दुसरी पाळी संपवून घरी पोचता येत होतं की नाही, याचं उत्तर. दुपारच्या लोकलच्या वेळांतलं लांब अंतर ही इथली जुनी तक्रार, तेही या तक्त्यात डोळ्यांना दिसेल. एक अडचण: १९०५ आधीचं वेळापत्रक सापडलं तर त्यातली वेळ बहुधा मद्रास वेळ असते, आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे नऊ मिनिटं मागे. तुलना करताना तेवढी दुरुस्ती करा.

लोकल म्हणजे फक्त नोकरदार, असंही समजू नका. मावळातलं दूध आणि भाजी याच गाडीने शहरात जात आली. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरं आणि पाळीचे कामगार यांची डब्यातली जागा ठरलेली असते. ती विचारून डब्याचा आराखडा काढा: कोण कुठल्या दारात, भजन कुठल्या डब्यात, दसऱ्याला डबा कोण सजवतं. कागदावर डब्याचं रिकामं चित्र समोर ठेवलं की माणसं बोट ठेवून सांगतात. नुसतं विचारलं तर ‘गर्दी असायची’ यापुढे गाडी सरकत नाही.

सातबारा_ते_सोसायटी

कॉलन्या कशा वसल्या याचं सगळ्यात सोपं साधन तुमच्या गेटवरच आहे. प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असतो: पी.एन.ए./एम.व्ही.एल./एच.एस.जी./(टी.सी.)/ अमुक, आणि शेवटी वर्ष. मुलांना दोन रविवार पायी पाठवा. स्टेशन चौक, यशवंतनगर, जिजामाता चौक ते मारुती मंदिर चौक आणि लिंब फाट्यापर्यंतचा रस्ता, एवढं पुरे. पाटीचा फोटो आणि मोबाइलमधलं ठिकाण नोंदवायचं. मग नकाशावर दहा-दहा वर्षांचा एक रंग द्या. वस्ती स्टेशनाभोवती दाट होते की हायवेकडे सरकते, हे एका नजरेत कळतं. एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या वर्षांचे रंग नीट वेगळे ठेवा.

फसगत कुठे होते ते सांगतो. नोंदणीचं वर्ष म्हणजे लोक राहायला आल्याचं वर्ष नव्हे. बिल्डरने संस्था करायला उशीर लावला तर मध्ये पाच-सात वर्षंही जातात. उलट प्लॉटधारकांच्या संस्थांत नोंदणी आधी होते आणि घरं नंतर उभी राहतात. म्हणून संस्थेच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त मागा. जुनी इतिवृत्तं म्हणजे खजिना आहे: टँकरचा खर्च, विजेचे खांब, बालवाडी कुणाच्या गॅरेजमध्ये भरली, गणपतीची पहिली वर्गणी किती, सगळं सभासदांच्या सहीनिशी. थकबाकीदारांची नावंही त्यात असतात, तो भाग झाकूनच छापा.

त्याआधी तिथे काय होतं यासाठी जुना सातबारा आणि फेरफार. ऑनलाइन सातबारा आजची स्थिती दाखवतो. जुन्यासाठी वडगावला तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गट नंबर किंवा जुना सर्व्हे नंबर लिहून नकलेचा अर्ज द्यावा लागतो. पीकपाहणीच्या रकान्यात भात, ज्वारी, गवत काय होतं ते दिसतं. ‘आपल्या पार्किंगच्या जागी भाताचं खाचर होतं’ हे कागदासकट दाखवता आलं तर त्या फलकासमोरून माणसं हलणार नाहीत. सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची गल्लत होते, म्हणून कचेरीत आधी दोहोंचा मेळ घालणारा तक्ता मागा.

यशवंतनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाट्यांचं काम या रविवारीच सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या. तळेगावचा जुना काच कारखाना आणि समर्थ विद्यालय ही शाळा यांना एकाच फलकावर घेतलं तर चालेल का? आणि ज्येष्ठांच्या मुलाखती, घरातले जुने फोटो हे नीट कसं करायचं?

काचभट्टी

एकाच फलकावर घ्याच, कारण दोन्ही स्वदेशीच्या एकाच लाटेतून आलेले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला: प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. टिळकांचा पाठिंबा होता. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचा उभारणीत मोठा वाटा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते, म्हणजे एका रुपयाला चौसष्ट माणसं. हा आकडा मोठ्या अक्षरांत टाका, त्या निधीमागची मेहनत त्यातच कळते.

काच कशी होते हेही दोन ओळींत सांगा. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत १४०० अंशांच्या पुढे तापवून वितळवतात. भट्टी रात्रंदिवस धगधगती ठेवावी लागते. विझू दिली तर आतली काच गोठते आणि मडकी तडकतात. तयार वस्तूही सावकाश थंड करावी लागते, घाई केली की आपोआप तडा जातो. म्हणजे चोवीस तास पाळ्या. तळेगावला पाळीची सवय पिंपरीच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी लागली, हा दुवा जोडायला विसरू नका.

समर्थ विद्यालय विष्णू गोविंद विजापूरकर यांचं, राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेवर चाललेलं. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडलं, पुढे नव्या नावाने शाळा पुन्हा उभी राहिली. माजी विद्यार्थी गावात घरोघरी आहेत. शाळेचे फोटो तिथेच मागा.

ध्वनिमुद्रक

मुलाखतीचं सांगतो. एका वेळी पाऊण तास, त्याहून जास्त नको, ज्येष्ठ थकतात. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, खाली घडी केलेला टॉवेल ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा. सुरुवातीला नाव, तारीख आणि ‘हे प्रदर्शनात वापरायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच तोंडून मुद्रित करून घ्या, शिवाय कागदावर सही. कुटुंब भोवती बसलं की सून-मुलगा मध्ये दुरुस्त्या करतात. एकटं बसवा, पण बायकांची मुलाखत मुलींनी घ्यावी. लोकलच्या महिला डब्यातलं आणि कॉलनीतल्या भिशी-भोंडल्याचं खरं बोलणं तेव्हाच निघतं.

साल विचारू नका. साल चुकतंच. खुणेच्या घटना विचारा: पानशेत फुटलं (जुलै १९६१) तेव्हा इथे होतात का? कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) कुठल्या घरात जाणवला? बाहत्तरच्या दुष्काळात पाणी कुठून आणायचात? लोकल सुरू झाली तेव्हा मुलं कितवीत होती? अशा दोन खुणांच्या मध्ये प्रसंग पकडला की साल दोन-तीन वर्षांच्या आत येतं. दोन वेगळ्या माणसांनी सांगितलेलं जुळलं तरच फलकावर साल लिहा, नाही तर ‘सत्तरच्या दशकात’ पुरे.

फोटो घरातून बाहेर नेऊ नका, स्कॅनर त्यांच्याकडे न्या. साध्या फोटोला ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढलात तर थर निघून येतो, म्हणून अख्खं पानच स्कॅन करा. मागच्या बाजूचा मजकूर आणि स्टुडिओचा शिक्काही घ्या, त्यावरून साल लागतं. फाइलला त्याच वेळी क्रमांक, घराचं नाव आणि फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे अशी नावं लिहा. हे काम ‘नंतर करू’ म्हटलं की फोटो अनाथ होतात.

फलकावर सव्वाशे शब्दांच्या वर मजकूर नको, अक्षर निदान २८ पॉइंटचं. मांडवात ऊन येतं, चकचकीत फ्लेक्सवर काही वाचता येत नाही. मॅट छपाई करून सनबोर्डवर चिकटवा, आणि फलकाचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा. एक तेरावा फलक कोराच लावा, दोरीने पेन बांधून, त्यावर स्टेशन-गावाचा मोठा नकाशा. लोक उभ्या उभ्या आपलं पहिलं भाड्याचं घर, बंद पडलेलं दुकान, कापलेलं झाड दाखवतात. रोज रात्री त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पावसाची सर आली की पहिली शाई जाते ती त्याचीच.