अशक्तपणा म्हणलं की लगेच सलाईन, हे बरोबर हाय का?

परभणीकर:
आमच्याकडं कुणी "हातापायात त्राण नाई" म्हणलं की सलाईन लावायलेत, त्यात एक बी-कॉम्प्लेक्स, झालं काम. माझं म्हणणं, आधी विचारा की नेमकं काय जमंना. थकवा येगळा, ताकद जाणं येगळं. उकिडवं बसून उठता येईना, जिना चढंना, तर मांडीखांद्याचे स्नायू, मग थायरॉईड, ड जीवनसत्त्व, स्टेरॉईड नाईतर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तपासा. पायातली चप्पल सुटून जाती, बटण लागंना, तर बहुतेक नसांचं दुखणं, तिथं शुगर आन् बी-१२.

लातूरचा मेडिकलवाला:
बोलायला सोपंय. सोयाबीन काढणीत रोज बुडवून कोण तपासत बसंल? जुलाबानं गळालेला माणूस सलाईननं उठून बसतो, डोळ्यानं बघतो मी.

परभणीकर:
जुलाबात पाणी गेलं तर सलाईन पाहिजेच, नाई कोण म्हणतंय. पण त्यात पोटॅशियमबी जातं, आन् तुम्ही ग्लुकोजची बाटली लावली की इन्सुलिन वाढून उरलंसुरलं पोटॅशियम पेशीत शिरतं, रक्तात आणखी कमी. माणूस लुळा पडू शकतो त्यानं.

बीडचा पोरगा:
एवढं डोकं कायला लावायचं, सरळ संभाजीनगरला नेऊन एमआरआय करा ना.

जालनेकर ताई:
एमआरआयमध्ये थायरॉईड दिसतो का रे? मायस्थेनियात, म्हंजे वापरतील तसे स्नायू थकत जाणाऱ्या आजारात, सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी पापण्या खाली, चावताना जबडा थकतो, हे विचारल्याशिवाय कुणाला कळंल? सीपीकेचंबी, म्हंजे स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या रक्तातल्या घटकाचंबी, तसंच, ताकदीचं इंजेक्शन दंडात टोचलं तरी वाढतो, मग स्नायूचा आजार म्हणून पळापळ.
बाकी एका बाजूचा हातपाय अचानक गेला तर गप्पा नको, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हिंगोलीचा शेतकरी:
फवारणीचं कुणीच बोलंना. औषध अंगात गेलेला माणूस बरा वाटला तरी एक ते चार दिवसांत मान उचलंना, दम लागला तर तिथंच धोका. पायापासून वर चढत जाणारी कमजोरीबी तशीच, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हंजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटती त्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले व्हते, आठवतंय ना? असल्यात श्वासाचे स्नायू जातात, व्हेंटिलेटर असंल तिथंच न्या.

लातूरचा मेडिकलवाला:
बरं, मानलं. पण आमच्या गावात पोटॅशियमचा रिपोर्ट संध्याकाळी येतो, तोवर काय करायचं?

जालनेकर ताई:
तोवर ईसीजी काढा. पोटॅशियम लई कमी असंल तर बऱ्याचदा त्यात दिसतं, पण नॉर्मल आला म्हणून निर्धास्त बसू नका, आन् ग्लुकोजची बाटली तेवढी बाजूला ठेवा.