नोकरी अजून केलेली नाही, मग सीव्हीत काय लिहिलंत? (अनुभव धागा)

शिकता शिकता नोकरीसाठी किंवा इंटर्नशिपसाठी अर्ज करताना ‘अनुभव’ या शब्दापाशी हात थांबतो. ज्यांना बोलावणं आलं त्यांनी लिहा, आणि जे सीव्ही वाचतात त्यांनीही. तयार नमुने कुठेही मिळतात. तुमची नेमकी कोणती ओळ कामी आली, ते सांगा.

संख्याशास्त्र, शेवटचं वर्ष
‘पायथन वापरून डेटा विश्लेषण’ हे कच्च्या मसुद्यात वाचून सरांनी विचारलं, "यातून कळलं काय?" त्याचं उत्तरच मी सीव्हीत उतरवलं : ‘ग्रंथालयाच्या नोंदी तपासून कोणत्या विभागाची पुस्तकं सर्वांत उशिरा परत येतात ते शोधलं, त्यावरून स्मरण-संदेशाची वेळ बदलण्यात आली.’ मुलाखतीत बराच वेळ याच ओळीवर बोलणं झालं. पायथनबद्दल जेमतेम एक प्रश्न!

भरती विभागात काम करते
पहिली नजर खरोखरच ओझरती असते. लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१८ साली वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा सरासरी ७.४ सेकंद आली. म्हणून सगळ्यात सांगण्यासारखं काम पानाच्या वरच्या भागात हवं. ‘मेहनती, टीम प्लेयर’ सगळेच लिहितात. ‘एक्सेल ८०%’ वाचून मला काहीच कळत नाही. ‘पिव्हट टेबल (मोठ्या यादीचा गटवार सारांश) करता येतं’ म्हटलं की लगेच कळतं.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात. दोन स्तंभ, चौकटी, चित्रात बसवलेला मजकूर यांत त्याचा गोंधळ होऊ शकतो. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. क्रम विस्कटला, तर मांडणी साधी करा. हुशार मुलांचे अर्ज निव्वळ मांडणीपायी मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

वाणिज्य, दुसरं वर्ष
मी संध्याकाळी दुकानात गल्ल्यावर बसते. हे लिहावं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी लिहिलं : ‘रोजची रोकड मोजून बिलांशी जुळवणे, फरक आल्यास शोधून काढणे.’ लेखापालांच्या कार्यालयातून बोलावणं आलं ते यावरच. अशी कामं लपवू नका, कृपया.

संगणकशास्त्र
जाहिरात पाहून दर वेळी वरच्या ओळी बदलतो. बाकी पान तेच.

इतिहास, पदव्युत्तर
१४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा जरूर वाचा. हलके पूल, तोफा, वेढ्याची साधनं, म्हणजे युद्धात गुंतलेल्या राज्यकर्त्याला हवं ते सगळं आधी. चित्रकला अगदी शेवटी! संग्रहालयातल्या इंटर्नशिपसाठी मीही जुन्या कागदपत्रांची सूची केल्याचं काम वर घेतलं आणि परीक्षेतले गुण खाली नेले. निवड झाली.

चित्रकला, डिझाइनवाले कुणी आहात का? पोर्टफोलिओ सोबत असताना सीव्हीत किती लिहिता?